उरीयाची नोंद

ठाण्याहून बाळकुम सोडून कशेळीचा पूल ओलांडला की खाडीचा खारा वास आणि डिझेलचा धूर एकदमच नाकात शिरतात. तिथून कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ करत अंजूरफाट्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामंच गोदामं. जिथं आगरी शेतकऱ्यांची भातखाचरं होती तिथं आता पत्र्याची छपरं आहेत. कारण सरळ व्यवहाराचं होतं. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे. म्हणून व्यापाऱ्यांनी तो हद्दीबाहेर, ग्रामपंचायतींच्या जागेत साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं गेली नाहीत, उलट वाढली. या पट्ट्यात दिवसरात्र एकच काम चालतं: उतरवा, मोजा, थप्पी लावा, पुन्हा मोजा, चढवा. इथं खोटं बोलायचं झालं तर आकड्यातच बोलावं लागतं.

आपल्या गोष्टीतला माणूस काल्हेरच्या अशाच एका गोदामात स्टोअरकीपर होता. मूळचा नगर जिल्ह्यातला, तीन पिढ्यांचा ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या शाळेत शिपाई, वडील मास्तर, आणि हा पोटामागं ठाण्याला आलेला. गोदामात सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत, आपणही तेच म्हणू. दारू नाही, तंबाखू नाही, ट्रान्सपोर्टवाल्याकडून चहासुद्धा घ्यायचे नाहीत. इनवर्ड रजिस्टरमधलं त्यांचं अक्षर पाहून ऑडिटर खूश होत. रविवारी मंडळीच्या शब्बाथ शाळेत ते मुलांना दहा आज्ञा शिकवत आणि पाठ नसतील तर कान धरत. असा माणूस वाईट करायला निघत नाही. तो घाईत असतो.

२४ डिसेंबर २०१९. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मिक्सरची गाडी लागली. चलनावर २१० खोकी. बाहेर मेट्रोच्या कामानं रस्ता अडलेला, अंजूरफाट्यापर्यंत ट्रकच्या मागं ट्रक उभा, आणि भाऊसाहेबांना साडेसातला ठाण्यात पोचायचं होतं. त्या रात्री मंडळी नाताळची गाणी गात घरोघर फिरणार होती आणि ढोलकी त्यांच्याकडं होती. गोदामाचा नियम असा, की माल उतरवायचा, थप्प्या मोजायच्या, मग पोचेवर सही. भाऊसाहेबांनी सही आधी केली. ड्रायव्हर पोच खिशात घालून निम्मी गाडी उतरायच्या आतच चहाला गेला.

टोळीत हिंगोलीकडचा एक हमाल होता. त्याला सगळे पैलवान म्हणत. सात खोक्यांची एक थप्पी, ना सहा ना आठ, ही त्याची शिस्त. मोजायला सोपं जातं म्हणे. शेवटचं खोकं ठेवून, गमछ्यानं मान पुसत तो टेबलापाशी आला.

"भाऊसाहेब, दोन थप्प्या कमी भरायल्यात."

"उद्या बघू रे."

दुसऱ्या दिवशी नाताळ होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार गाड्या लागल्या. मिक्सरच्या थप्प्यांपुढं पंख्यांच्या थप्प्या लागल्या आणि विषय मागं पडला.

फेब्रुवारीत स्टॉक टॅली झाली. मिक्सरची १४ खोकी कमी. वरून विचारणा आली, आणि त्यासाठी एक छापील फॉर्म असतो, त्यात एक रकाना असतो: कमतरतेचं कारण. भाऊसाहेबांना कारण ठाऊक होतं. "गाडी कमी आली आणि मी न मोजता पोच दिली," एवढं लिहिलं असतं तर काय झालं असतं? पगारातून कापलं असतं, बोलणी बसली असती, कदाचित किल्ल्या गेल्या असत्या. नोकरी गेली असती असं मला वाटत नाही. पण अकरा वर्षं ज्या माणसाच्या रजिस्टरात खाडाखोड नाही, त्याला स्वतःच्या हातानं पहिली खाडाखोड करणं जड जातं. भल्या माणसांना स्वतःच्या भलेपणाची जी चटक लागते, ती दारूच्या चटकेपेक्षा सोडवायला कठीण. त्यांनी त्या रकान्यात एक ओळ लिहिली: टोळीतील हमाल 'पैलवान' याच्यावर संशय.

फॉर्म पाकिटात घातला, चिकटवला. वर ऑफिसात न्यायला कोणी हाताशी नव्हतं. पैलवान माठातलं पाणी प्यायला आला होता. भाऊसाहेबांनी ते पाकीट त्याच्याच हाती दिलं. तो दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

पुढचं दोन दिवसांत उरकलं. शेठनं पोलिसांत तक्रार केली नाही, नसती कटकट. मुकादमाला बोलावून सांगितलं, उद्यापासून हा दिसायला नको. पैलवानाच्या हमालीचे ११,४०० रुपये निघत होते, ते अडकवले. माथाडी कामगारांसाठी १९६९ चा कायदा आहे, मंडळं आहेत, पण या पट्ट्यातल्या प्रत्येक टोळीच्या डोक्यावर ते छत्र पोचलेलं नाही, आणि ज्याच्या नावामागं 'चोर' लागलं तो दाद मागायला जात नाही. त्यानं दुसऱ्या टोळ्यांत विचारलं. काल्हेरमध्ये बातमी ट्रकपेक्षा आधी पोचते. २५ मार्चला देश बंद झाला, तेव्हा नाशिक रस्त्यानं डोक्यावर बोचकी घेऊन जी माणसं चालत निघाली त्यांत पैलवान, त्याची बायको आणि पंधरा वर्षांचा मुलगा होता. पुढच्या वर्षी टोळीतल्या कुणीतरी सांगितलं, की पैलवान गावी कावीळ होऊन गेला. कावीळ कुणाच्या आळामुळं होत नाही, हे मी मुद्दाम लिहितोय. भाऊसाहेबांच्या माथी नसलेलं पाप लादून गोष्ट रंगवायची गरज नाही. त्यांचं होतं तेवढं पुरेसं होतं.

ती बातमी ऐकली तेव्हा भाऊसाहेबांना वाईट वाटलं. वाईट वाटण्याच्या खाली, अगदी तळाशी, त्यांना हायसंही वाटलं. आता सांगायचं कुणाला?

त्यांनी चोरी केली नव्हती. दहा आज्ञांमधली आठवी शाबूत होती. मोडली होती ती नववी, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष न देण्याची. पण आठवीची स्टॉक टॅली होते, नववीची कोण करतो? शिवाय दर रविवारी उपासनेत पापांगीकार असतोच. सगळी मंडळी उभी राहून, एका सुरात, आपण देवासमोर अपराधी आहोत असं म्हणते. भाऊसाहेबांचा आवाज त्यात वरचा असे. काही वेळा डोळेही भरून येत. ते रडणं ढोंगी नव्हतं. फक्त हिशेबाच्या वहीत 'इतर किरकोळ' नावाचं एक खातं असतं ना, ज्यात नाव लिहायला लाज वाटणारा सगळा खर्च जातो, तिथं त्यांनी पैलवानाला टाकलं होतं.

एकावन्नावं स्तोत्र त्यांना तोंडपाठ होतं. दावीद राजाचा पश्चात्ताप. त्यात दावीद देवाला म्हणतो, की मी अपराध केला तो तुझा, फक्त तुझाच. भाऊसाहेब या ओळीपाशी येऊन टेकत. माझं आणि देवाचं आहे हे, तिसऱ्याचा संबंध नाही. शास्त्रातलीच ओळ, आणि तिच्या आडोशाला माणूस चार वर्षं आरामात राहिला.

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांना पश्चात्तापाच्या रडण्याचं एक मोठं उदाहरण ठाऊक असतं. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती सदनात मुली प्रार्थनेला बसल्या आणि हमसून हमसून रडायला लागल्या. आपापले अपराध मोठ्यानं कबूल करू लागल्या. दुष्काळातून, छळातून उचलून आणलेल्या मुली त्या. जगानं ज्यांचे अपराध केले होते त्या स्वतःचे अपराध सांगत होत्या, हे वाचून मला दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं. त्या लाटेच्या बातम्या दूरदेशी गेल्या, पुस्तकांत छापून आल्या. रमाबाई मात्र रडण्यावर थांबणाऱ्या बाई नव्हत्या. त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणायचं काम आयुष्याच्या शेवटापर्यंत केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून ते बाहेर पडलं. घरोघरच्या बाईला शास्त्र स्वतः वाचता यावं, हा हेतू. स्वतः वाचणं धोक्याचं असतं, ते भाऊसाहेबांना २०२३ च्या नाताळात कळलं.

नाताळच्या सकाळी शास्त्रभाग वाचायला पाळकसाहेबांनी त्यांचं नाव पुकारलं. मत्तयाचा पहिला अध्याय. वाचणारे सहसा यातली वंशावळ गाळून थेट जन्माच्या कथेवर येतात, कारण ती नुसती नावांची यादी आहे. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. भाऊसाहेबांनी गाळली नाही. यादी वाचणं हे त्यांचं रोजचं काम. अब्राहामापासून ते ठेक्यात वाचत आले. तामार आली, राहाब आली, रूथ आली. पुरुषांच्या यादीत या बायका आपापल्या नावानं उभ्या. मग दावीद राजा आला, आणि शलमोनाच्या आईचं नाव यायच्या जागी नाव आलंच नाही. तिथं लिहिलं होतं, उरीयाची बायको.

ते अडखळले. मंडळीला वाटलं ओळ चुकली. ते पुढं वाचत गेले, पण डोकं तिथंच राहिलं. शलमोनाची आई बथशेबा तेव्हा दावीदाची राणी झालेली, तिचा मुलगा राजा झालेला. हजार वर्षं उलटल्यावर, तारणाऱ्याच्या जन्माच्या पहिल्याच पानावर, मत्तय तिला दावीदाची बायको म्हणत नाही. ज्याला दावीदानं मारवलं त्याचं नाव तो तिथं ठेवतो. देवानं दावीदाला क्षमा केली, हे शास्त्रच सांगतं. नोंद मात्र कुणी खोडली नाही. याद्या सांभाळणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुठल्याही प्रवचनानं जे कळलं नसतं ते एका नोंदीनं कळलं.

आणि खाली बेरीज होती. मत्तय सांगतो, की या पिढ्या चौदा, चौदा आणि चौदा. चौदा आकडा ऐकून भाऊसाहेबांच्या पोटात गोळा आला. दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी बोट ठेवून नावं मोजली. शेवटच्या गटात तेराच भरली. हा हिशेब विद्वानांनी पूर्वीच घातलेला आहे आणि त्याची उत्तरंही नाना दिली आहेत, पण मिक्सरची १४ खोकी ज्याच्या मानेवर होती त्याला नाताळच्या दिवशी शास्त्रातसुद्धा शॉर्टेज सापडावं, यात मला देवाची थोडी थट्टा दिसते.

मग त्यांनी शमुवेलाचं दुसरं पुस्तक काढलं. अकरावा अध्याय. शेकडो वेळा ऐकलेली कथा. दावीद गच्चीवरून पाहतो, बथशेबेला आणवतो, ती गरोदर राहते. तिचा नवरा उरीया, हित्ती, परक्या जातीचा, राजाच्या सैन्यात लढायला गेलेला. दावीद सेनापतीला पत्र लिहितो: याला लढाईच्या ऐन तोंडावर ठेवा आणि मागं सरा. आणि ते पत्र तो उरीयाच्याच हाती पाठवतो.

भाऊसाहेबांनी पुस्तक मिटलं. दोन-दोन पायऱ्या चढत जाणारी पैलवानाची पाठ त्यांना इतकी स्पष्ट कधीच दिसली नव्हती.

गोदामात डिस्पॅचला वसईचा एक जण होता, कॅथलिक. दुसऱ्या दिवशी जेवताना भाऊसाहेब सहज विचारल्यासारखं म्हणाले, "तुमच्यात बरं आहे. पापनिवेदनाला जाळीआड बसायचं, फादरच्या कानात सांगायचं, मोकळं व्हायचं."

"बरं कसलं?" तो म्हणाला. "फादर विचारतात ना, ज्याचं घेतलं त्याला परत दिलंस का? नाही म्हटलं की संपलं. माझ्या चुलत्यानं बांध सरकवलेला, तीन वर्षं पापनिवेदनाला गेला नव्हता बिचारा. नंतर बांधच मागं घेतला."

संध्याकाळी भाऊसाहेब पाळकसाहेबांच्या घरी गेले. पाळकसाहेब निवृत्त शिक्षक. तपकिरी स्वेटर, टेबलावर औषधांचा डबा आणि त्याच्या शेजारी शास्त्र. सलाम झाला. भाऊसाहेबांनी एक पाकीट टेबलावर ठेवलं.

"उपकारस्तुतीचं अर्पण."

पाळकसाहेबांनी आत पाहिलं. "१३,६८० रुपये. असा आकडा उपकारस्तुतीचा नसतो. काय आहे?"

मग सगळं निघालं. पाकीट, पायऱ्या, थप्प्या. ११,४०० हमालीचे आणि २,२८० वरचे. कारण शास्त्रात पाचवा हिस्सा जास्त द्यायला सांगितलंय हे भाऊसाहेबांना आठवत होतं. "तो माणूस राहिला नाही," ते म्हणाले, "म्हणून म्हटलं, देवाच्या पायाशी ठेवावं."

पाळकसाहेबांनी गणना पुस्तकाचा पाचवा अध्याय काढून पुस्तक त्यांच्यापुढं सरकवलं. मोशेच्या काळचा तो नियम तीन-चार वाक्यांचाच आहे. ज्यानं दुसऱ्याचं नुकसान केलं त्यानं ते कबूल करावं. भरपाई पुरती करावी, वर पाचवा भाग घालावा, आणि ते ज्याचा अपराध केला त्याला द्यावं. तो नसेल तर त्याच्या नातलगाला. आणि घ्यायला नातलगही कोणी नसेल, तरच ते परमेश्वराचं, म्हणजे याजकाकडं.

"देवाचा नंबर शेवटी लागतो, भाऊसाहेब. पैलवानाला कोण आहे?"

"बायको आहे. मुलगा आहे."

"मग हे पाकीट माझ्या टेबलावरून उचला."

भाऊसाहेबांनी उचललं नाही. "पण साहेब, स्तोत्रात दावीद म्हणतो, की फक्त तुझाच अपराध..."

"म्हणतो. कधी म्हणतो? स्तोत्राच्या मथळ्यातच आहे. नाथान संदेष्टा त्याच्यापुढं येऊन उभा राहिल्यावर. आधी माणसासमोर तोंडातून गेलं, मग स्तोत्र आलं. तुम्ही स्तोत्रापासून सुरुवात केलीत." थोडं थांबून ते म्हणाले, "क्षमा मिळणार नाही असं मी म्हणत नाही. ती फुकटच मिळते, तिला पाकीट लागत नाही. पण हे पैसे क्षमेचे नाहीत. पैलवानाचे आहेत."

दाराशी चपला घालताना त्यांनी यरीहोच्या जक्कयाचीही आठवण करून दिली. तो मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा कुणी मागितलं नसताना तो उभा राहून म्हणाला, की ज्याचं फसवून घेतलं त्याला चौपट देतो. "चौपट परवडणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. "तुम्हाला कोण मागतंय?" पाळकसाहेब म्हणाले. "घर तर शोधा."

घर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. मुकादमानं सांगितलं, ती बाई लॉकडाउननंतर परत आली. राहनाळच्या एका गोदामात पॅकिंगला आहे.

शिफ्ट सुटली तेव्हा भाऊसाहेब फाटकाशी उभे होते. बायका डबे हलवत बाहेर पडल्या. ती शेवटी आली, बोटांना लागलेला स्टिकरचा डिंक अंगठ्यानं सोलत.

"वहिनी, ओळखलंत का?"

"ओळखलं की. भाऊसाहेब नव्हं तुम्ही?"

"माझ्या हातून एक चूक झाली होती. जुनी गोष्ट आहे."

"कोणती चूक?"

"पैलवानावर जरा अन्याय झाला."

"कोणी केला?"

भाऊसाहेबांनी इकडंतिकडं पाहिलं. बाकीच्या बायका रेंगाळल्या होत्या. चार वर्षं देवापुढं ज्याला शब्द कमी पडले नव्हते, त्याला आता एक वाक्य जुळेना. शेवटी ते रजिस्टरात लिहितात तसं बोलले. "२४ डिसेंबरला मिक्सरची गाडी आली. २१० चं चलन होतं. मी न मोजता पोच दिली. १४ खोकी कमी होती. तुमच्या मालकांनी मला त्याच वेळी सांगितलं होतं. फेब्रुवारीत मी लिहून दिलं, की त्यांच्यावर संशय आहे. त्यांनी चोरी केली नव्हती. मला ठाऊक होतं."

"मलाबी ठाव होतं," ती म्हणाली. "त्याच राती त्यांनी सांगितलं होतं, दोन थप्प्या कमी भरल्या म्हणून. मला सांगून काय उपेग? मुकादमाला सांगा."

तिनं पाकीट घेतलं आणि तिथंच नोटा मोजल्या. "अकरा हजार चारशे आमचे. हे वरचे कशाचे?"

"पाचवा हिस्सा. शास्त्रात सांगितलंय."

"कुणाच्या?"

"आमच्या."

"बरं सांगितलंय," ती म्हणाली आणि पाकीट पिशवीत डब्याखाली घातलं. "आता कागद लिहून द्या. शिक्का मारून. पोराला टोळीत कोणी घेईना. म्हणतात, चोराचा पोरगा."

"वहिनी, मला माफ..."

"ते आत्ताच नका इचारू. आधी कागद आणा."

पैसे देताना भाऊसाहेबांचा हात थरथरला नव्हता. शिक्का म्हटल्यावर थरथरला. पैसे त्यांचे होते, शिक्का कंपनीचा. तो मारायचा म्हणजे शेठला सांगायचं. पाळकांपुढं, राहनाळच्या फाटकावर जे बोलले ते पुन्हा एकदा बोलायचं, आणि तेही जिथं त्याची किंमत पडते तिथं.

शेठनं ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"चार वर्षांनी? ट्रान्सपोर्टवाल्याकडं आता क्लेम कसला करणार मी? भाऊसाहेब, तुम्ही देवमाणूस. झालं गेलं. माणूसही गेला बिचारा. कशाला जुनी फाईल उघडता?"

खरं तर हाच क्षण सगळ्यात निसरडा होता. समोरचा रागावला नव्हता. तो प्रेमानं म्हणत होता, की गप्प राहा. मोह नेहमी शिंगं लावून येत नाही, कधी चहा मागवतो.

"कागद हवाय," भाऊसाहेब म्हणाले.

मग शेठचा सूर बदलला. ती बाई उद्या माथाडी मंडळात गेली तर? वकील घेऊन आली तर? आणि न मोजता सही म्हणजे काय? अशा आणखी किती सह्या? १४ मिक्सरची किंमत हप्त्याहप्त्यानं पगारातून कापायचं ठरलं. स्टोअरच्या किल्ल्या दुसऱ्याकडं द्यायच्या आणि भाऊसाहेबांनी फाटकावर गाड्यांचे नंबर लिहायला बसायचं, हेही ठरलं. शेवटी शेठ म्हणाला, "कागदावर स्टोअरचा शिक्का मारा. कंपनीचा नको."

स्टोअरचा शिक्का भाऊसाहेबांच्याच ड्रॉवरमध्ये होता. किल्ल्या द्यायच्या आधी त्यांनी तो काढला, कोऱ्या कागदावर सगळं लिहिलं, तारखेनिशी, आकड्यांनिशी. सही केली, हुद्दा लिहिला, शिक्का मारला. मुकादमाला वाचून दाखवला. मुकादम बराच वेळ जमिनीकडं बघत होता; त्यालाही पैलवानाला नाक्यावर चार लोकांत काय काय बोललो ते आठवत असावं. रविवारी ते कागद घेऊन राहनाळच्या चाळीत गेले. मुलगा आता एकोणीस वर्षांचा झालेला, बापासारखाच आडव्या हाडाचा. आईनं कागद त्याच्या हाती दिला.

मुलानं वाचला. मग वर बघून म्हणाला, "हे कोणाबद्दल आहे?"

"म्हणजे?"

"टोळीतील हमाल पैलवान, असं लिहिलंय. पैलवान काय, आमच्या एका गावात पन्नास आहेत. माझ्या वडलांचं नाव कुठंय?"

भाऊसाहेबांनी कागद परत घेतला आणि बघत राहिले. सहा वर्षं तो माणूस त्यांच्या टेबलावरून हजेरी घेऊन गेला होता. संशयाच्या त्या ओळीतही त्यांनी अवतरणचिन्हात पैलवानच लिहिलं होतं. चोर ठरवायला टोपणनाव पुरलं. निर्दोष ठरवायला ते पुरत नव्हतं. पूर्ण नाव त्यांना कधीच माहीत नव्हतं.

आईनं पत्र्याच्या पेटीतून आधार कार्ड काढलं. नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा. भाऊसाहेबांनी नाक्यावर जाऊन त्याची झेरॉक्स काढली आणि रात्री घरी बसून सगळा मजकूर दुसऱ्या कागदावर उतरवला.

सोमवारी शिक्का त्यांच्या ताब्यात नव्हता. त्यांच्या खुर्चीवर नवा स्टोअरकीपर बसला होता, पंचविशीचा पोरगा, शेठनं बजावून बसवलेला. भाऊसाहेबांनी कागद आणि झेरॉक्स त्याच्यापुढं ठेवून शिक्का मागितला.

"मारतो, भाऊसाहेब," तो म्हणाला. "आधी वाचू द्या."

त्यानं कागद पहिल्यापासून वाचला. २१० आणि १९६ ची वजाबाकी पेनानं कोपऱ्यात करून पाहिली. मग झेरॉक्स शेजारी ठेवून नाव अक्षर-अक्षर ताडलं. तालुक्याच्या नावात एक वेलांटी चुकली होती, ती त्यानं भाऊसाहेबांकडून दुरुस्त करून घेतली, बाजूला त्यांची आद्याक्षरी सही घेतली, आणि मग शिक्का मारला.